परत आलेले अकरा

हाडांच्या वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत. सिस्टर म्हणत, मोठे डॉक्टर म्हणत, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठे, मांडीचं हाड मोडून पडलेले आजोबासुद्धा "मावशी, जरा पाणी" असंच म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच ते सुखात होतं. तिचं काम एकच, उचलायचं. माणूस खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून खाटेवर, या कुशीवरून त्या कुशीवर. बावीस वर्षं ती हे करत होती आणि त्यातली शेवटची सहा वर्षं तिची स्वतःची कंबर दुखत होती. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? नवल काहीच नाही. लोहाराचा हात भाजतो, उचलणाऱ्याची कंबर जाते. पण ज्या वॉर्डात आठवड्याला चार-पाच पाठी टाके घालून आणून ठेवतात, त्याच वॉर्डातल्या बाईने स्वतःच्या पाठीचं जे केलं ते सांगण्यासारखं आहे. शहाणपण तिच्यात कमी नव्हतं. खरं तर जरा जास्तच होतं, आणि इथंच घोडं पेंड खात होतं.

उचलण्यात तिचा जोडीदार होता पैलवान. हे नाव त्याला कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणारा मोठा खट्याळ असला पाहिजे, कारण पैलवान म्हणजे हाडांची जुडी. फुंकर मारली तर उडेल असा हा माणूस शंभर किलोचा रोगी मात्र पिशवीसारखा उचलायचा. मावशी नेहमी खाटेच्या डाव्या अंगाला, पैलवान उजव्या. चादरीच्या कडा मुठीत गुंडाळायच्या आणि पैलवानाने म्हणायचं, "एक, दोन, आणि..." पुढचं 'तीन' तो कधी म्हणतच नसे. त्या 'आणि'नंतर दोघांचा श्वास एकाच वेळी आत जायचा आणि माणूस वर यायचा. नवीन माणसांना तीन ऐकावं लागतं, या दोघांना लागत नसे. मावशीला या गोष्टीचा फार अभिमान होता. नवऱ्याशीसुद्धा आपलं एवढं जमलं नाही, असं ती पैलवानाच्या बायकोसमोरच म्हणायची.

नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. स्वभावाने गरीब. भांडण टाळण्यासाठी शेजारच्या गल्लीतून जाणाऱ्यांतला. मावशीला सकाळी वाकता येईनासं झालं तेव्हा त्याने तिच्यासाठी बाथरूममध्ये उंच स्टूल ठेवलं, बादली ओट्याच्या उंचीवर आणली, आणि या सगळ्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मुलगी मात्र बोलायची. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि तिला रिपोर्ट वाचता यायचे. आईच्या कंबरेची कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीत उतरायला लागली, आई बसमध्ये एका मांडीवर तिरकी बसायला लागली, तेव्हा मुलीनेच तिला ओढत नेऊन एमआरआय करवला.

मोठ्या डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावली. हा माणूस नेहमी उभ्यानेच बोलायचा. वॉर्डातून जाताना बोलायचा, जिन्यात बोलायचा, खुर्चीत बसलेला कुणी पाहिला नव्हता.

"मणक्यातली गादी सरकून नसेवर बसलीय, मावशी. आणि जागाही अरुंद झालीय. ऑपरेशनने पायाची कळ जायची शक्यता चांगली आहे. शंभरातल्या ऐंशी जणांना तरी चांगला फरक पडतो. कंबर मात्र साफ थांबेल असं मी म्हणणार नाही."

"आणि नाही केलं तर?"

"आत्ता घाई नाही. गोळ्या, व्यायाम, उचलणं बंद. विचार करा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पायाचा पंजा उचलेनासा झाला, चप्पल निसटायला लागली, तर मला त्याच आठवड्यात सांगायचं. पुढच्या नाही, त्याच."

मावशीने मान हलवली. आता मान हलवण्याचेही प्रकार असतात. कुणी पटलं म्हणून हलवतो, कुणी समोरच्याने गप्प बसावं म्हणून. मावशीची हनुवटी एकदाच खाली गेली आणि डोळे खिडकीकडे वळले. वॉर्डात तिने अशी मान हजार वेळा पाहिली होती. अशी मान हलवणारा माणूस ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी मुलगी म्हणाली, "आई, शंभरातले ऐंशी म्हणजे चांगले आहेत."

"आकडे मला सांगू नकोस. आकडे मी या हातांनी उचललेत."

आणि तिने बोटांवर मोजून दाखवलं. पाठीचं ऑपरेशन करून घरी गेलेले आणि पुन्हा त्याच वॉर्डात आलेले अकरा जण. तिला प्रत्येकाची खाट आठवत होती. एका ट्रकवाल्याच्या टाक्यांतून पाणी यायला लागलं होतं. एका शिंप्याला आधी एका पायात कळ होती ती दोन्ही पायांत झाली. एका बँकेतल्या माणसाच्या मणक्यातला स्क्रू सैल झाला. एक बाई तर तिसऱ्यांदा आली होती. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि तिची कूस बदलायला गेलं की मावशीचं मनगट धरून म्हणायची, "मावशी, मी आपल्या पायांनी चालत आले होते हो पहिल्यांदा." हे वाक्य मावशीच्या छातीत जाऊन बसलं होतं ते काही केल्या उठत नव्हतं.

"बाकीचे?" मुलीने विचारलं.

"बाकीचे कोण?"

"जे परत आले नाहीत ते."

"ते मी पाहिले नाहीत."

"म्हणजे ते घरी बरे असतील ना, आई!"

"तू पाहिलेस?"

मुलीने हात टेकले. नवरा एवढंच म्हणाला, "कंबर तुझी, ठरव तू. पण तू आडवी झालीस तर या घरात उभं कोण राहील?" त्याने ते मायेने म्हटलं होतं. पण मावशीला त्यात ऑपरेशन टाळायला हवं ते कारण सापडलं आणि तिने ते घट्ट धरलं. उचलणंही तिने सोडलं नाही.

शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं. पण ते शीत भांड्यातलं असावं लागतं. मावशी बावीस वर्षं भांड्याबाहेर सांडलेली शितं वेचत होती. ऑपरेशन झालेला माणूस सहाव्या दिवशी तिच्यासमोरून पट्टा बांधून, भिंत धरत, रडवेल्या तोंडाने जायचा. त्यानंतरची तपासणी खाली, दुसऱ्या इमारतीत व्हायची. बरा झालेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डात कशाला येईल? मावशीपर्यंत पोचायचे ते फक्त बिघडलेले. आणि डोळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणायचं?

चप्पल निसटली ती दोन महिन्यांनी. एक्स-रेच्या खोलीकडे जाताना डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मावशी दोन पावलं पुढे निघून गेली. तिला कळलंसुद्धा नाही. फरशी गार लागली असती तर कळलं असतं, पण त्या पायाला गारही नीट लागत नव्हतं. ती मागे फिरली, चप्पल घातली आणि स्वतःला म्हणाली, अंगठा झिजलाय, जुनी झाली. मोठ्या डॉक्टरांचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं. विसरली असती तर तिला माफ तरी करता आलं असतं. त्याच संध्याकाळी जाऊन तिने नाडीचे बूट घेतले, एक नंबर लहान.

नाड्या बांधायला तिला वाकता येत नव्हतं. सकाळी नवरा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसायचा आणि बांधायचा.

"डावा जरा घट्ट बांधा," ती म्हणायची.

तो बांधायचा. का, हे त्याने विचारलं नाही. पाच महिने तो गरीब माणूस रोज सकाळी आपल्या हातांनी बायकोचा पाय लपवत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

चालताना बुटाचा पुढचा भाग फरशीला घासायचा. तो घासू नये म्हणून मावशी गुडघा जरा जास्त उचलायची, पायरी चढल्यासारखा. कुणी विचारलं तर म्हणायची, "बूट नवे आहेत, चावतात." वॉर्डात दिवसाला दोनदा मोठे डॉक्टर फिरायचे. ते आले की ती खाटेआड उभी राहायची, उशा सारख्या करायची, पाऊल म्हणून टाकायची नाही. सगळ्या रोग्यांची दुखणी जिला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत, तिने स्वतःचं दुखणं दहा फुटांवरच्या डॉक्टरपासून असं लपवलं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

मग ती सकाळ आली. खाट सातवर एक म्हातारे गृहस्थ होते, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. त्यांना ट्रॉलीवर घ्यायचं होतं. पैलवान म्हणाला, "एक, दोन, आणि..." श्वास आत गेला, माणूस वर आला, आणि मावशीच्या डाव्या पायाचा पंजा ट्रॉलीच्या चाकात अडकला. तिला तो सोडवता येईना. तिची बाजू खाली गेली. म्हातारा चादरीत घसरून खाटेच्या लोखंडी कडेकडे जायला लागला आणि "आई गं!" म्हणून असा ओरडला की अख्खा वॉर्ड उठून बसला. पैलवानाने चादर सोडली नाही. त्याने गुडघा खाटेवर टेकला, म्हाताऱ्याला छातीशी घेतलं आणि त्याचं सगळं ओझं एकट्याने स्वतःच्या खांद्यावर ओढलं. खांद्यातून आलेला आवाज मावशीने ऐकला.

सिस्टर धावत आल्या. "काय झालं?"

"फरशी ओली होती," मावशी म्हणाली.

सिस्टर गेल्यावर पैलवान खांदा चोळत हळूच म्हणाला, "फरशी कोरडी होती, मावशी."

एवढंच. ना तक्रार, ना टोमणा. पण दुसऱ्या दिवशी, पहिल्याच रोग्याला उचलताना, पैलवान म्हणाला, "एक, दोन, तीन."

त्याने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. त्याचा तिच्यावरचा भरवसा गेला होता आणि तोंडाने ते आपोआप कबूल केलं होतं. बावीस वर्षांत तिला कुणी नवीन माणसासारखं मोजून उचलायला लावलं नव्हतं. दिवसभर ती ते तीन ऐकत राहिली. घरी जायला निघाली तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत बसून रडली. कंबरेसाठी सहा वर्षांत ती कधी रडली नव्हती.

त्याच आठवड्यात घराजवळच्या बसथांब्यावर एक उंच बाई तिच्याजवळ आली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, खांद्यावर आणखी एक.

"मावशी! ओळखलं नाही?"

मावशीने निरखून पाहिलं. नाही ओळखलं.

"अहो, नऊ नंबर! तुम्ही मला आठवडाभर या कुशीवरून त्या कुशीवर केलंत. मी तुम्हाला शिव्यासुद्धा दिल्या होत्या."

तरी मावशीला काही आठवेना. मग त्या बाईने पिशव्या खाली ठेवल्या, मान खांद्यावर कलती टाकली, डोळे अर्धवट मिटले आणि कण्हत म्हणाली, "मावशी, पाठीखालची चादर चुरगळलीय हो."

आणि एकदम मावशीला नऊ नंबरची खाट दिसली. तीन वर्षं झाली असतील. हीच ती. उभी असताना हिचा चेहरा असा असतो आणि ही आपल्यापेक्षा वीतभर उंच आहे, हे मावशीला आज कळत होतं.

"पाठ?" मावशीने कसंबसं विचारलं.

"कधीतरी ठणकते, पाऊसपाणी असलं की. पण पायातली ती कळ गेली ती गेलीच."

"मग परत कधी दिसला नाहीत?"

बाई हसली. "तिथे? अहो, तुमच्या दवाखान्यावरून जाते ती बसही मी घेत नाही. काढून टाकलंय डोक्यातून सगळं. कोण जाणार परत?"

बाईची बस आली. पिशव्या उचलून ती चढली आणि खिडकीतून हात हलवला. मावशी थांब्यावरच्या माणसांकडे पाहत राहिली. एक जण पेपर वाचत उभा होता, एक बाई चपलेतला खडा झटकत होती. यातलं कोण कोण आपल्या हातांखालून गेलं असेल? बावीस वर्षांत आपण माणसं फक्त वरून पाहिली, आडवी. उभी राहिलेली आपल्याला ओळखूच येत नाहीत. तिने डोक्यातले अकरा जण पुन्हा मोजले. अकराच होते. पण बावीस वर्षांत टाके घातलेल्या पाठी आपण उचलल्या किती, ते तिने आयुष्यात प्रथमच विचारात घेतलं, आणि तो आकडा काही तिला लागेना. तिला मुलीचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग फक्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. त्यांनी बूट काढायला लावला. "पंजा वर करा." मावशीने सगळा जोर लावला. मांडी हलली, गुडघा हलला, पंजा तसाच लोंबत राहिला.

"कधीपासून?"

पंधरा दिवस म्हणावं असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. "पाच महिने," ती म्हणाली.

मोठे डॉक्टर खुर्चीत बसले. तेव्हाच तिला कळलं.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं, मावशी?"

"त्याच आठवड्यात."

मोठे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. कळ जाईल बहुतेक. पंजा परत येईल असं आता मी सांगू शकत नाही. आला थोडाफार तर आपलं नशीब."

"आणि उचलायचं काम?"

"ते संपलं."

मावशीने सही केली. फॉर्म वाचला नाही. तो तिला पाठ होता.

ऑपरेशनच्या दिवशी तिला ट्रॉलीवर घ्यायला पैलवान आला आणि त्याच्यासोबत तिच्या जागी आलेली नवी बाई. डाव्या अंगाला ती नवी उभी राहिली. पैलवान म्हणाला, "एक, दोन," आणि थांबला. "तीन" नव्या बाईनेच म्हटलं.

शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला आधी वाटलं पाय कापलाय की काय. डाव्या पोटरीत काही नव्हतं. वर्षभर जी कळ तिच्यासोबत जेवत होती, झोपत होती, बसमधून येत होती, ती नव्हती. टाके दुखत होते, कंबर अवघडली होती, पण पाय शांत होता. मुलगी उशाशी बसली होती. "एवढंच होतं?" मावशीने तिला विचारलं. "एवढ्यासाठी मी..." मुलीच्या तोंडावर 'मी सांगत नव्हते?' आलं असेल, पण पोरीने ते गिळलं. तिचे उपकार.

पंजा आला नाही. सहा महिने थांबले, व्यायाम केले, पायाला विजेचे झटके दिले. नाही आला. बुटात घालायला प्लास्टिकची पट्टी मिळाली, तिच्यामुळे पाऊल लोंबत नाही, पण चालताना एक आवाज होतो, फट्, फट्. दवाखान्याने तिला तळमजल्यावर कपड्यांच्या खोलीत बसवलं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या. ज्या चादरींच्या कडा बावीस वर्षं मुठीत गुंडाळल्या त्यांच्या आता घड्या. वॉर्डात जायचं कारण उरलं नव्हतं, आणि ती जातही नसे.

एके दुपारी सिस्टरांनीच तिला वर बोलावून घेतलं. "मावशी, खाट चारवर एक रंगारी आहे. मणक्याचंच. आजच दाखल केलाय, मोठ्या डॉक्टरांनी अजून तपासला नाही, पण ऑपरेशनला सही करणार नाही, घरी जातो म्हणतो. माझं ऐकत नाही. तुम्ही स्वतः करून घेतलंय, तुमचं ऐकेल."

मावशीला बरं वाटलं. आपला काही उपयोग आहे असं कित्येक दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं. ती लिफ्टने वर गेली आणि वॉर्डाच्या लांबलचक मधल्या वाटेने खाट चारकडे निघाली. फट्, फट्. रंगारी चाळिशीचा असेल, नखांत अजून निळा रंग. ती दारातून खाटेपर्यंत येईस्तोवर तो तिच्या बुटाकडेच पाहत होता.

"तुमचंही हेच ऑपरेशन झालंय ना, मावशी?"

"झालं. कळ पहिल्याच दिवशी गेली बघ."

"आणि हा पाय?"

"पायाचा ऑपरेशनशी काही संबंध नाही. पाय मी घालवला. पाच महिने लपवून ठेवला म्हणून गेला. वेळेवर आले असते तर..."

"हो का," रंगारी म्हणाला. त्याची हनुवटी एकदाच खाली गेली आणि डोळे खिडकीकडे वळले.

मावशीने ती मान पाहिली आणि तिचा धीर सुटला. ती भराभर बोलायला लागली. नऊ नंबरची बाई सांगितली, तिच्या हातांतल्या पिशव्या सांगितल्या, बरे झालेले तुला इथे कधी दिसायचे नाहीत असं दोनदा सांगितलं. आवाज चढला. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. रंगारी अदबीने म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, मावशी." आणि ती काय बोलते ते ऐकता ऐकता त्याची नजर पुन्हा एकदा तिच्या बुटावर जाऊन आली. आपल्या मोजणीत अकरा होते. याच्या मोजणीतली पहिली आपण, हे मावशीला तेव्हा उमगलं.

ती खिडकीपाशी जाऊन जरा उभी राहिली. रंगाऱ्याची बायको पिशवी भरत होती. मग तिने खाटेखालून बूट काढले, नाडीचे, नवेकोरे, आणि नवऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"उजवा जरा घट्ट बांध," रंगारी म्हणाला.

मावशी गर्रकन वळली. "सिस्टर!" ती ओरडली. "सिस्टर, याचा पंजा बघा! आत्ता बघा! याला जाऊ देऊ नका!" पण सिस्टर दुसऱ्या टोकाला ड्रेसिंगला लागल्या होत्या, आणि या बाईचं काहीतरी बिनसलंय असं समजून रंगाऱ्याने बायकोचा दंड धरला आणि घाईने वाट धरली. गुडघा जरा जास्त उचलत, पायरी चढल्यासारखा. "अरे थांब! ऐक!" मावशी त्याच्यामागे निघाली. पट्टी घातलेल्या पायाने धावता येत नाही. लिफ्टचं दार बंद झालं तेव्हा ती खाट दोनपर्यंतच पोचली होती.